दस्तगीरबाबांच्या मेंढीतले जंत

"बाबा, तिच्या जंतांना काय सोनं लागलंय, जे माझ्या जंतांना नाही?"

यशवंताने असं विचारलं, नि दर्ग्यामागच्या पडवीत बसलेली सुगंधा तोंडाला पदर लावून हसली. झालं! पोरगं आधीच धुमसत होतं, त्यात रॉकेल पडलं.

दस्तगीरबाबा पूर्वी गुरांचे डॉक्टर. आता फकीर झालेत, पण शिकवायची खोड काही जाईना. शिष्य दोनच, यशवंता नि सुगंधा. दोघंही कापलेल्या मेंढ्यांची आतडी धुंडाळायचे, फितीसारखे पांढरे जंत काढायचे नि त्यांचे तुकडे तपासायला शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचे.

काल निकाल आला. यशवंताचे सगळे जंत एकाच कुळीचे. सुगंधाला मात्र एकाच मेंढीच्या पोटात दोन वेगळ्या कुळ्या सापडल्या. बाबांनी आपला जुना मायक्रोस्कोप उचलून तिच्याच मांडीवर ठेवला.

त्या मायक्रोस्कोपवर यशवंताचा तीन वर्षं डोळा होता, बरं का!

"दाखव तुझ्या दोन कुळ्या," तो गुरगुरला.

सुगंधाने बशी पुढे केली. पाण्यात दोन पांढऱ्या फिती पडलेल्या.

"अहो बाबा, हे तर सारखेच दिसतायत!"

"दिसतात खरे..."

"मग कौतुक कसलं?"

"वरून तुम्ही दोघंही सारखेच दिसता रे. शहाणे."

यशवंताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने आपली बाटली उघडली नि आपले जंत सरळ तिच्या बशीत ओतले. बोट घालून घुसळलेसुद्धा.

"आता सांगा म्हणावं, कुणाचा कुठला!"

"मेल्या, महिनाभराची मेहनत माझी!" सुगंधा रडकुंडीला आली.

बाबा रागावले नाहीत. उठले, सुगंधाच्या मांडीवरचा मायक्रोस्कोप घेतला नि यशवंताच्या हातात दिला.

"घे. बघ."

यशवंता फुलला. तिच्याकडे एकदा तिरकं बघून घेतलं नि भिंगाला डोळा लावला. बराच वेळ बघितलं...

"बाबा... यातले माझे कुठले, तेच कळंना."

"हं."

"तिच्या मेंढीतले ते दोन... एकाच आतड्यात राहायचे ना? भांडत नसतील?"

"भांडतील कशाला? ज्याला त्याला वाटायचं, मेंढी आपलीच."

सुगंधाने डोळे पुसले. यशवंताने भिंगावरचा डोळा काढला नि विचारलं,

"आणि मेंढी, बाबा?"

"खायची भरपूर, बाळांनो. अंगी लागायचं नाही."