ऐन वैशाखात घोंगडी

“माझ्या तोंडून ‘केवढ्याला?’ एवढंच काढून दाखवा, मागाल ते देईन! नाही निघालं, तर माल माझा. आणि ही परीक्षा दिल्याशिवाय राजधानीत कुणी काही विकायचं नाही!”

सोनगिरीच्या भुजंगराव राजाने अशी दवंडी पिटली आणि त्याचं कोठार फुकटात भरू लागलं. व्यापारीही एकेक नग! अत्तरवाल्याने स्वतःच्या अत्तराचं इतकं कौतुक केलं की राजा चक्क घोरू लागला. मग रेशीमवाले त्र्यंबकशेट मिशीला पीळ देत पुढे झाले.

“महाराज, असलं रेशीम देवांनीसुद्धा नेसलं नसेल!”

“मग त्यांनाच जाऊन वीक!” राजा म्हणाला. गठ्ठा जप्त!

त्यांच्या मागे सणगराची हौसा उभी होती. घरच्यांनी हिवाळाभर विणलेल्या घोंगड्या गाढवावर लादून ती राजधानीत आली होती. माल गेला तर वर्षभर चूल पेटायची पंचाईत. तरी ती तडक दरबारात गेली नव्हती. आधी पाणवठ्यावर बसली, बाजारात हिंडली, राजाच्या गोष्टी ऐकत राहिली आणि मग पागेत जाऊन आली.

“ऐन वैशाखात घोंगडी?” राजा खो खो हसला. “मला काय उकडून मारतेस, पोरी?”

“आपल्यासाठी आणलीच नाही, महाराज! चंद्रा घोडीसाठी आणलीय. परवा तिने आपल्याला पाडलं ना...”



“पाडलं नाही! मीच खाली उतरलो!” राजा गरजला.

“डोक्यावर?”

कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. राजा लाल झाला.

हौसा शांतपणे म्हणाली, “चंद्राचा काही दोष नाही, महाराज. आपल्याला मिरवायला खोगिराखाली जरीचं कापड लागतं. त्या जरीच्या तारा तिच्या पाठीत टोचतात. बाहेर चला, दाखवते.”

घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार हौसाच्या सांगण्यावरून चंद्राला घेऊन अंगणात उभाच होता. हौसाने जरीचं कापड काढलं आणि घोडीच्या मापाची घोंगडी पसरली. मोतद्दाराच्या परवानगीने तिने ती पागेत आधीच घालून पाहिली होती. वर खोगीर चढलं. राजा दबकत दबकत स्वार झाला.

घोडी हूं की चूं नाही! राजाने तिला चालवलं, मग दौडवलं. मैदानाला वळसा घालून तो ऐटीत परतला, खाली उतरला आणि घोंगडीवर हात फिरवत म्हणाला, “वा! केवढ्याला दिलीस?”

शब्द निघून गेला. मग राजाने जीभ चावली!

“पागेतल्या साऱ्या घोड्यांना आमच्याच घोंगड्या,” हौसा लगेच म्हणाली, “आणि ती दवंडी आजपासून बंद!”

“नशीब पोरीचं!” त्र्यंबकशेट फणफणले.

“नशीब कसलं, शेट? दरबारात यायच्या आधी तुम्ही आरशापुढे उभे होतात, मी पागेत उभी होते!”

राजा इतका हसला की पागोटं सुटून गळ्यात आलं. ते तसंच सावरत त्याने कारभाऱ्याला हाक मारली, “सोन्याचं कडं आणा हिच्यासाठी! आणि या शेटजींना पागेचा रस्ता दाखवा!”