टेकडीवरचा नगारा थांबला तेव्हा

खूप खूप जुनी गोष्ट. नीट कान देऊन ऐका हं! नदीकाठच्या एका राज्यात पूर आला की टेकड्यांवरचे नगारे बोलायचे. वरच्या गावांचे निरोप टेकडीमागून टेकडी करत ठोक्यांनी यायचे आणि शेवटी म्हाळसा नगारचीच्या टेकडीवर पोचायचे. ती खाली धक्क्यावर हाक द्यायची, की निघालीच नाव! तिचा मुलगा बहिरू पहिल्या नावेवर असायचा.

नगाऱ्यात ‘थांबा’ असा एक ठोका होता. पण तो वाजवणं म्हणजे नाक कापून घेणं, असं सगळे नगारची मानायचे. म्हाळसाच्या घरात तो कधी वाजलाच नव्हता.

त्या वर्षी पाणी असं काही चढलं म्हणता! धडाड्धूम, धडाड्धूम! एक निरोप खाली सांगून होतोय न होतोय, तोच पुढचे येऊन थडकायचे. म्हाळसाला घाम फुटला, तरी ती ऐकतच राहिली. शेवटी व्हायचं तेच झालं. दोन गावांची गल्लत झाली आणि बहिरूची नाव रिकामी परत आली.

"आई, तिथं कुणीच नव्हतं गं!" तो खालून ओरडला. "आता दुसऱ्या गावाला खिंडीतून जाऊ का?"

म्हाळसाच्या डोक्यात निरोपांचा नुसता काला झाला होता. पोराला पाठवायचं कुठं?

"जळ्ळं मेलं ते नाक! बहिरू, थांब जरा!" म्हणत तिनं टिपऱ्या उचलल्या आणि ‘थांबा’ वाजवला.

सगळ्या टेकड्या गप्प झाल्या. धक्क्यावरच्या नावा सांभाळणारा सरदार धापा टाकत वर आला. "अगं, वेड लागलं का तुला? तिकडं माणसं बुडताहेत!"

"म्हणूनच थांबवलंय, सरकार!"

तिनं आधी ऐकलेले निरोप आठवून एकेक करून नीट खाली सांगितले. नावा सुटल्या, बहिरूचीही खिंडीकडे निघाली. मग शेवटचा ऐकलेला निरोप तिनं परत वरच्या टेकडीकडे वाजवून दाखवला. म्हणजे इथवर पोचलं, आता पुढचं सांगा. शेजारच्या टेकडीवरच्या म्हाताऱ्या नगारच्यानं तोवर आलेले निरोप खडे मांडून ओळीनं जपले होते. त्यानं बरोबर तिथूनच सुरुवात केली.

पहिलाच निरोप आला, "खिंडीत ओंडके सुटलेत! नाव घालू नका!"

"बहिरू, खिंडीत जाऊ नकोस रे!" म्हाळसा जिवाच्या आकांतानं ओरडली. बहिरूनं नाव काठाला ओढली मात्र, खिंडीतून भलेमोठे ओंडके गडगडत बाहेर पडले. म्हाळसा रडली, हसली आणि पुन्हा टिपऱ्या घेऊन नगाऱ्याशी उभी राहिली. संध्याकाळपर्यंत छपरांवरची सगळी माणसं काठाला लागली.

तेव्हापासून त्या राज्यात नगारा शिकणाऱ्या पोरांना आधी ‘थांबा’ शिकवतात.

म्हणून पेलेल तेवढंच घ्यावं, थांबायला लाजू नये, आणि जिथं थांबलो तिथूनच पुन्हा सुरू करावं.