जोडाखालचं रायवळ

कोकणात खाडीकाठच्या एका गावात एक भोळा गडी होता. नाव बाबल. अंगाने दणकट, कामाला वाघ. सांगितलेलं सगळं ऐकायचा, आणि ऐकलेलं सगळं करायचा. घोटाळा तिथेच व्हायचा.

तो आबा गावकरांकडे कामाला होता. आबांच्या अंगणात हापूसचं एक कलम होतं. पाच वर्षं आबांनी त्याला लेकरासारखं वाढवलं आणि यंदा ते पहिल्यांदा धरलं. सात कैऱ्या लागल्या. नेमकी तेव्हाच आबांची कंबर धरली आणि ते बाजेवर आडवे झाले. बाजेवरून अंगण दिसत नव्हतं.

आबांनी बाबलला बोलावलं.

"बाबल, ह्या कलम तुझ्या हवाली. काय बिघडला तर खाडीपलीकडच्या नानाक विचार. कलम जगला आणि पयलो आंबो माझ्या हातात इलो, तर मंजुळा तुका दिली."

मंजुळा आबांची एकुलती एक मुलगी. ती दारामागून ऐकत होती. बाबल तिला आवडत नव्हता असं नाही, पण काळजी वाटत होतीच. बाबलला कसलीच काळजी नव्हती. तो त्याच दिवसापासून कलमासमोर बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी कलमाला नवी पालवी आली. तांबूस, मऊ, खाली लोंबणारी. बाबलने हात लावून पाहिला आणि घाबरला. कलमाला ताप आला होता! त्याने ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवल्या. मुळाशी गवती चहाचा काढा ओतला. वरून गोधडी गुंडाळली. गोधडीत अडकून एक कैरी गळली. मग तो होडीने नानांकडे गेला.

नाना सगळी हयात कलमं बांधण्यात घालवलेला म्हातारा. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे, नवी पालवी लालच असता आणि लोंबताच! तिका हात लावू नको. पंधरा दिवसांत आपसूक हिरवी होतली."

बाबलने धडा पाठ केला. लाल होऊन लोंबलं, की हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी आबा कूस बदलताना बाजेवरून घसरले. पाय वर अडकले, डोकं खाली. बाजेचे चारी पाय खिळखिळे झाले. आबांचा चेहरा लालबुंद झाला.

"बाबल! माका उचल रे!"

बाबल आला. त्याने नीट निरखून पाहिलं. लाल आहे. लोंबतंय.

"भियाव नको आबानू," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत आपसूक हिरवे होतल्यात."

आणि तो उंबऱ्यावर बसून वाट पाहू लागला. मंजुळा धावत आली म्हणून आबा वाचले. बाजेवर टेकताच ते ओरडले, "गाढवा! लोंबता दिसला, की धावत जाऊन खालसून टेकू देवचो!"

बाबलला हे पटलं. तो तडक अंगणात गेला. तिथे सहा कैऱ्या लोंबत होत्या. त्याने सहा काठ्या तोडल्या आणि एकेका कैरीला खालून टेकू दिला. घट्ट बसावा म्हणून जरा दाबलाही. दोन कैऱ्या तुटून पडल्या. उरल्या चार. मंजुळाने पदर तोंडाला लावला. हसू होतं की रडू, ते तिचं तिलाच ठाऊक.

आठवड्याने कलमाच्या खोडाला एक भोक दिसलं. भोकातून भुसा गळत होता. बाबल पुन्हा होडीत बसला.

"भिरूड तो," नाना म्हणाले. "खोड पोखरणारो किडो. तारेन ओढून काढ. मग भोकात रॉकेलचो बोळो घाल आणि वरसून चिखलान लिंप. भुसो दिसलो, की हयगय करू नको."

बाबल पळत घरी आला. आत सुतार आबांची बाज दुरुस्त करत होता. त्याने चार पायांना खुंट्यांसाठी चार भोकं पाडली होती आणि तो परसात पाणी प्यायला गेला होता. भोकांखाली भुसा पडला होता.

भुसा दिसल्यावर हयगय कशी करणार? बाबलने रॉकेलचा बोळा घातला, चिखलाने लिंपलं. दोन पाय झाले आणि सुतार परतला. त्याची नजर होती जेवायच्या वेळेकडे. उघड्या दोन भोकांत खुंट्या ठोकून तो घरी गेला. आबा बाजेवर टेकले आणि लिंपलेल्या बाजूने थेट जमिनीवर आले. घरभर रॉकेलचा वास सुटला.

आबा जमिनीवरूनच म्हणाले, "बाबल, एक तर कशाक हात लावू नको. लावलंस, तर काम अर्धवट सोडू नको!"

तो धडाही बाबलने पाठ केला. कलमातला भिरूड मात्र मंजुळाने स्वतः तारेने ओढून काढला.

मग कलमाच्या बुंध्याला छान फूट आली. सरळ, हिरवीगार. पण वरचा शेंडा सुकू लागला. बाबलने नानांना सांगितलं तेव्हा नाना गंभीर झाले.

"खोडावर गाठ आसा मा? तो जोड. गाठीच्या वर हापूस, गाठीच्या खाली रायवळ, रानटी आंबो. खालची फूट वरच्या हापूसचो रस पिता. गाठीखाली काय एक ठेवू नको!"

बाबलने घरी येऊन खालची फूट खुडली. मग थांबला. विचार करू लागला. गाठीखालची साल? तीही रायवळच. लाकूड? रायवळ. मुळं? सगळं रायवळ. आणि काम अर्धवट सोडायचं नव्हतं.

त्याने करवत आणली.

चौथ्या दिवशी आबांना बरं वाटलं. मंजुळाच्या हातची पेज पिऊन, काठी टेकत ते महिन्याने प्रथमच अंगणात आले. कलम उभं होतं. तीन बाजूंनी बांबूंचे टेकू होते. पानं तांबूस होऊन लोंबत होती. आबा पुढे झाले तसा बाबल आडवा आला.

"हात लावू नको आबानू. पंधरा दिवसांत हिरवा होतला."

आबांनी खाली पाहिलं. कलम जमिनीवर नुसतं टेकवलेलं होतं.

"बाबल... ह्येची मुळा खय आसत?"

"चुलीत. तीन दिवस वाळवलंय. सकाळची पेज तेच्यावरच शिजली. सगळा रायवळ काढून टाकलंय, पण जोडाक धक्को लागूक दिलंय नाय!"

पाच वर्षं त्यांनी त्या मुळांना स्वतःच्या हाताने पाणी घातलं होतं. त्यांचा चेहरा लाल झाला, मान लोंबली. बाबलला लगेच कळलं. लोंबतंय, टेकू हवा! तो धावला आणि जवळ होता तोच टेकू उपसून त्याने आबांच्या हनुवटीखाली लावला. आबा सरळ राहिले. कलम मात्र धाडकन आडवं झालं.

अंगणात चार कैऱ्या घरंगळत गेल्या. त्यातली एक बाबलने उचलली, पुसली आणि आबांच्या हातात ठेवली.

"ह्यो पयलो आंबो. आता लगीन कधी?"

मंजुळाच पुढे आली. डोळ्यांतलं पाणी पुसता पुसता तिला हसू फुटलं.

"बाबा, नानांका विचारूया, माणसाचा कलम बांधूक येता काय? खाली ह्यो बाबल आणि वर एखादो शहाणो. असो घोव माका चलात."

बाबलने नीट विचार केला. त्यालाही ते पटलं.

"बरा आसा," तो म्हणाला आणि करवत आणायला वळला. "पण मगे गाठीखाली काय एक ठेवूचा नाय हां!"