राजशिल्प्याची बायको

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात भिवबा नावाचा सुतार आणि त्याची बायको सगुणा राहत होती. तो पाट, चौरंग, मंचक घडवी. ती माठ आणि रांजण करी, आणि माती अर्धी सुकली की बाभळीच्या काट्याने त्यांवर मोर, वेली, फुलं कोरी.

भिवबाचा हात सफाईदार होता, पण नक्षी काही त्याला सुचत नसे. त्याच्या फळीवरही सगुणाच कोळशाने रेघा ओढून देई. मग तो पटाशी चालवी.

त्यांचं काम बघायला लोक दुरून येत. एकदा राजानेच दोघांना बोलावलं. त्यांनी सोबत नेलेल्या चौरंगावरून हात फिरवत त्याने विचारलं, "ही नक्षी सुचली कुणाला?"

दरबार भरलेला होता. बायकोचं नाव घेतलं तर चारचौघं हसतील, असं भिवबाला वाटलं. तो म्हणाला, "मला, महाराज."

राजाने त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि त्याला राजशिल्पी केलं. सगुणा मागे खाली मान घालून उभी होती.

परतताना वाटेत तिने विचारलं, "माझं नाव घेतलं असतं, तर काय बिघडलं असतं?"

"अगं, तुझं-माझं वेगळं आहे का?"

"नाही ना? मग माझंच सांगायचं होतंत."

भिवबाने खांद्यावरची शाल सावरली. म्हणाला, "पुढच्या खेपेला नक्की सांगेन."

पुढची खेप आली. राजकन्येच्या लग्नासाठी मंचक हवा होता. सगुणाने महिनाभर खपून रेघा ओढल्या, भिवबाने त्या कोरल्या. तो निघाला तेव्हा ती दारापर्यंत आली. "या वेळी विसरू नका हं."

तो विसरला नाही. पण आधी एक सांगितलं, आता दुसरं कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून दरबारात त्याने तिचं नाव घेतलंच नाही. घरी येऊन मात्र म्हणाला, "सांगितलं गं."

सगुणाने आनंदाने शेजारीपाजारी गूळ वाटला. तेव्हा एक शेजारीण म्हणाली, "माझा नवरा दरबारात होता. तुझं नाव तिथं कुणीच घेतलं नाही."

सगुणा नवऱ्याशी भांडली नाही. पण त्या दिवसापासून तिने कोळसा हातात धरला नाही. माठही साधेच करू लागली. भिवबाने किती विनवलं! ती एवढंच म्हणे, "आता सुचत नाही हो."

दोन वर्षांनी ती तापाने गेली.

भिवबा धावत दरबारात गेला. "महाराज, सगळी नक्षी तिची होती! मी खोटं बोललो."

राजा हळहळला. "दुःखाने राजशिल्प्याचं मन ठिकाणावर नाही. त्याला घरी पोचवा."

मग तो बाजारात, चावडीवर, भेटेल त्याला सांगत सुटला. लोक म्हणत, "किती जीव होता हो बायकोवर!" आणि आपल्या वाटेने जात. मरेपर्यंत तो सांगत राहिला. एकानेही ते खरं मानलं नाही.

म्हणून लहानथोर हो, ज्याचं श्रेय त्याला तो समोर असतानाच द्यावं. मागाहून सांगितलेलं खरं ऐकायला तोही नसतो, आणि इतरांना ते पटतही नाही.