भिवरामायचा तवा

शके सतराशे नव्वद, वैशाखाचा वद्य पक्ष. विहिरींचे तळ उघडे पडले होते. पळसटोल्याचा मालगुजार, म्हणजे गावाचा मालक, हरबाजी आपली विहीर आणखी खोल करून घेत होता. खोदणारा होता दसरू. त्याची बायको भिवरा. गाव आज तिला भिवरामाय म्हणतं. तेव्हा म्हणत नव्हतं.

दसरूच्या पहारीला खडकात एक दगड लागला. मुठीएवढा, हिरवा, आरपार दिसणारा. त्याने तो सरळ मालगुजाराच्या हातात दिला. हरबाजीला वाटलं, पाचू. त्याने सराफाला घरी बोलावलं. सराफाने दगडावर सुई ओढली, ओरखडा उठला.

"पाचूवर सुई चालत नाही. हा पाचू नाही," सराफ म्हणाला. एवढंच म्हणाला.

हरबाजीने ठरवून टाकलं, दसरूने खरा पाचू लपवला आणि बाजारची काच आपल्या हातावर ठेवली. त्याने दसरूला खांबाला बांधलं, चाबकाने फोडलं. गावोगाव दवंडी पिटवली, दसरू चोर आहे. सगळं गाव बघत उभं होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. आपण त्यांचीच नातवंडं-पतवंडं, हे विसरू नका.

तिन्हीसांजेला भिवरा आली. हातात तवा, पदरात विहिरीतल्या त्याच हिरव्या दगडाचा चुरा.

"का व, भाकरी भाजतेस का इथं?" हरबाजी हसला.

"तुमचा संशय भाजायचा आहे जी."

दसरूच्या धोतरातला चुरा तिच्या चुलीपाशी सांडून उजळला होता, तो तिने पाहिला होता. आता तिने सगळ्यांसमोर तवा तापवला आणि चुरा टाकला. तो हिरवा उजळला. धूर नाही, ज्वाळा नाही. मग तिने हातातली काचेची बांगडी फोडून तव्यावर टाकली. काच तशीच पडून राहिली.

"आता तुमचा दगड टाका. काच निघाली तर मलाही बांधा."

सराफ ओरडला, "थांबा मालक! या जातीचा एवढा निर्मळ दगड मी जन्मात पाहिला नाही. जाणकार याच्यासाठी गाव देईल. तापवला की रंग गेला, दगड संपला!"

हे तो आधी बोलला नव्हता. त्याला दगड फुकटात न्यायचा होता.

हरबाजीने हात मागे घेतला. भिवराने दगड हिसकला आणि तव्यावर ठेवला.

दगड तडतडला आणि पेटला. असं म्हणतात, त्याचा उजेड डोंगरापर्यंत गेला, कोंबडे आरवले, पहाट झाली समजून गुरं दावी तोडून रानाकडे निघाली. मग तो विझला, कायमचा. तव्यावर पांढुरका खडा उरला.

"काच नव्हती," भिवरा म्हणाली. "सोडा त्याला. आणि आता दवंडीचं डफडं तुमच्या गळ्यात. जिथं जिथं चोर म्हटलं, तिथं तिथं जा."

हरबाजी गेला. असं म्हणतात, शेवटच्या वेशीवर त्याचा आवाज बसला, तेव्हा डफडंच बोललं, दसरू चोर नाही.

आजही पळसटोल्यात चोरीचा आळ खोटा निघाला, की आळ घेणाऱ्याने डफडं गळ्यात घालायचं आणि भिवरामायचं नाव घेऊन गावोगाव तो आळ परत घ्यायचा. मागच्या वैशाखात खोटा आळ घेतला म्हणून सरपंच फिरला. उन्हात, अनवाणी. परत येऊन त्याने डफडं खाली ठेवलं.

देणं फिटलं.