थरथर दिसली की

एका गावात गोंदा नावाचा एक भोळा गडी होता. गावाबाहेर डॉक्टरकीचं मोठं कॉलेज निघालं, तिथल्या प्रयोगशाळेत तो झाडलोटीला लागला. निघताना आईनं बजावलं, "बाई सांगतील तस्संच कर हो, बाबा."

बाई म्हणजे हेमांगीबाई. त्या ऑपरेशन करणारं यंत्र बनवत होत्या. डॉक्टरनं इकडे बसून दांडी हलवायची, तिकडे यंत्राच्या हातानं टाके घालायचे. डॉक्टरचा हात थरथरला तरी यंत्राचा थरथरू नये, यासाठीच बाईंची सगळी खटपट. दिल्लीचे पाहुणे बघायला येणार होते. त्यांना पटलं तर काम पुढे. नाही पटलं तर खोलीला कुलूप, आणि गोंदा परत म्हशींमागे.

यंत्राचा हात तेव्हा थरथरतच होता. गोंदाला दया आली. "उघडंच ठेवलंय बिचाऱ्याला," म्हणत त्यानं आपली घोंगडी त्याच्यावर घातली. लोकर सांध्यात गुंतली आणि यंत्र खटकन थांबलं.

बाई ओरडल्या, "अरे, त्याला काय थंडी वाजते? थरथर दिसली की ते लाल बटण दाबायचं!"

"बरं बाई. आता लक्षात राहील."

आणि राहिलं.

बाईंच्या मदतीला म्हातारे नानल डॉक्टर यायचे. एके काळचे नावाजलेले सर्जन, पण आता हाताला कंप. एकदा चहा पिताना त्यांची कपबशी खुळखुळली. गोंदा धावला आणि लाल बटण दाबून मोकळा झाला. तिकडे बाई सरावासाठी यंत्राच्या हातानं टोमॅटोची साल शिवत होत्या. सुई सालीत अडकली, टोमॅटो लोंबकळत राहिला.

"कपबशी वाजली म्हणून यंत्र बंद केलंस?"

"थरथर दिसली, बाई."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे देवमाणसा, माणूस थरथरला तर जवळ जायचं. हात घट्ट धरायचा. घाबरू नका, मी आहे, असं म्हणायचं."

"बरं बाई. आता लक्षात राहील."

आणि राहिलं.

पाहुणे आले. यंत्रावर बाईंनी मुद्दाम नानल डॉक्टरांनाच बसवलं. "बघा, यांचा हात केवढा थरथरतोय," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "आता पडद्यावर यंत्राचा बघा."

सगळे पडद्याकडे वळले. यंत्र टोमॅटो शिवू लागलं. टाक्याशेजारी टाका, कसा अगदी रांगोळीसारखा! यंत्राचा हात जराही थरथरेना.

"वा!" पाहुणे म्हणाले. बाईंचे डोळे भरून आले.

मग थोरले पाहुणे मागे वळले.

गोंदा डॉक्टरांच्या पायाशी बसला होता. डॉक्टरांचं मनगट त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. "घाबरू नका, मी आहे," असं हळूहळू म्हणत होता.

"मग यात यंत्राचं काय कौतुक?" पाहुण्यांनी चष्मा काढून खिशात घातला आणि ते जायला निघाले.

बाई रागानं लटलट कापू लागल्या. "गोंदा! सोड तो हात!"

"कसा सोडू, बाई? डॉक्टर आत्ता कुठे शांत झालेत," गोंदा म्हणाला. "तुम्ही जरा दम धरा. यांचं झालं की तुमचाच धरतो."