ताठ राहिलेला काप

‘परिपाक’ हा शब्द आज आपण ‘परिणाम’ या अर्थी सैलपणे वापरतो. त्याचा मूळ अर्थ अधिक नेमका आहे: पदार्थ आतपर्यंत, पूर्णपणे शिजणे. वरून रंग आला म्हणजे परिपाक झाला, असे नव्हे. पुढील कथा त्या मूळ अर्थाची आहे.

टेक्सासमध्ये एका महानगराच्या कडेला वसलेल्या नगरात वर्ना कोव्हार नावाची एक विधवा भोजनगृह चालवीत असे. ओकच्या लाकडांच्या धुरावर संथपणे शिजवलेले मांस ही तिची ख्याती. तिथली रीत अशी, की मांसाचा काप बोटावर आडवा टांगून पाहायचा. ताठ राहिला तर तो कच्चा, तुटला तर अति शिजलेला. दोन्ही बाजूंनी मऊपणे लवला, तरच तो ताटात जायचा.

पुढे नवा महामार्ग झाला आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळले. हिवाळ्यापलीकडे भोजनगृह टिकणे कठीण दिसू लागले. अशात एका नामांकित मासिकाने नगरातील उत्तम भोजनगृहे निवडण्यासाठी आपला परीक्षक धाडला. निवड झाली, तर लोक पुन्हा येणार होते.

परीक्षक दुपारी दारात आला, तेव्हा भट्टी नुसती धुमसत होती. वर्नाचा दीर क्लेटन याने तीत ओली लाकडे रचली होती. वर्नाने एक काप बोटावर टांगला. तो ताठ राहिला.

“पातळ काप काढ, वर रस्सा ओत,” क्लेटन कुजबुजला. “बूट बघ त्याचे, शहरी नि चकचकीत. असल्या बुटांच्या माणसाला काय कळणार?”

“त्याला नाही कळणार. पण मी हे बोट कुठं लपवू?” वर्ना म्हणाली.

ती बाहेर आली. “साहेब, मांस व्हायला संध्याकाळ होईल.”

“मला तासाभरात निघायचंय, बाई. पुन्हा येणं व्हायचं नाही. आहे तसं वाढा.”

“आहे तसं माझ्याकडे कुत्र्यालाही मिळत नाही.” तिने रस्त्यापलीकडच्या भोजनगृहाचे दार दाखवले. “तिथं एर्नेस्टो आत्ता मक्याच्या पोळ्या तव्यावरून उतरवत असेल. तिकडे जेवा. या गावातून तुम्ही उपाशी गेलात, तर मान माझी खाली जाईल.”

“तुमचं त्याच्याशी चांगलं जमतं वाटतं.”

“छे. कित्येक वर्षं भांडतोय आम्ही. पण पोळी करावी तर त्यानंच.”

निवड प्रसिद्ध झाली. एर्नेस्टोचे नाव अग्रभागी होते. वर्नाचे कुठेच नव्हते. हिवाळ्यात तिने भट्टी विझवली. शेवटच्या दिवशी सारे नगर तिच्या दारी रांगेत उभे राहिले, आणि त्या रांगेत पहिला एर्नेस्टो होता. आजही तेथे कोणी उत्तम भोजनगृहाचे नाव विचारले, तर लोक आधी त्या बंद दाराचे नाव घेतात आणि मगच उघड्या दारांची.

ही कथा सांगताना पुष्कळजण परीक्षकाला संध्याकाळी परत आणतात आणि वर्नाला पहिला क्रमांक देऊन मोकळे होतात. ते चूक आहे. परीक्षक परत आला नाही. आणि तो येणार नाही, हे तिला त्या दुपारीच ठाऊक होते.

तात्पर्य: ज्याला आपल्या कामाचा खरा अभिमान आहे, तो अपुरे काम पुरे म्हणून कोणापुढे ठेवीत नाही, मग त्यापायी सर्वस्व गेले तरी.